हाताची आज्ञा आणि हाताचें मौन

मनुष्याच्या हातांत २७ हाडें असतात. सुईंत दोरा ओंवणारा, जात्याचा खुंटा धरणारा आणि पाहुण्यासमोर जोडला जाणारा हात एकच. कामें मात्र किती निराळीं! या हाताला अलीकडे आणखी एक काम लागलें आहे. तें म्हणजे जी वस्तु समोर नाहींच, ती उचलण्याचें. आजच्या माझ्या भाषणाचा विषय हाच आहे.

आभासी वास्तवाचा हेडसेट डोळ्यांवर चढविला कीं सभोंवतालचें जग झांकलें जातें आणि त्याच्या जागीं दुसरेंच जग उभें राहतें. मिश्र वास्तवांत आपली खोली दिसत राहते. परंतु तिच्यांत यंत्रानें रचलेल्या वस्तु ठेविल्यासारख्या दिसतात. या वस्तूंना हुकूम करावयाचा कसा? डोळे झांकलेल्या माणसाला कळफलक सांपडणें कठीण, आणि हातांत कंट्रोलर धरला कीं हात गुंतला. तेव्हां मोकळ्या हाताच्या खुणाच यंत्रानें ओळखाव्या, ही कल्पना साहजिकच पुढें आली.

ती आजची नव्हे. आयव्हन सदरलँड यांनीं डोक्यावर बसणारा पडदा १९६८ सालींच करून दाखविला होता. पुढें १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील व्ही. पी. एल. रिसर्च या कंपनीनें डेटाग्लोव्ह नांवाचा हातमोजा काढला. त्याच्या बोटांवरून प्रकाशतंतु नेलेले असत. बोट वांकलें कीं तंतूंतून पार होणारा प्रकाश कमी होई, आणि त्यावरून यंत्र बोटाचा बांक मोजी. युक्ति नामी होती. परंतु दर वेळीं हातमोजा चढवून कोण बसणार? ही अडचण कॅमेऱ्यांनीं दूर केली. २०१९ च्या अखेरीस क्वेस्ट या हेडसेटला हात ओळखण्याची विद्या मिळाली, तेव्हां स्वतःची जागा समजण्यासाठीं त्यावर जे चार कॅमेरे होते, तेच हाताकडे पाहूं लागले. ओपन-एक्स-आर या पद्धतींत एका हाताचे २६ बिंदु धरले जातात. एक बोट दुसऱ्याआड गेलें, तर त्याची जागा यंत्राला अंदाजानेंच ठरवावी लागते.

परंतु, श्रोतेहो, हात दिसणें हा प्रश्नाचा सोपा भाग आहे. या घटकेला मी आपणांशीं बोलत आहें आणि बोलतां बोलतां माझा हात हालत आहे; त्या हालण्यानें मी कोणालाहि हुकूम करीत नाहीं. माणूस डास हाकलतो, कपाळाचा घाम पुसतो, जवळच्याला हांक मारतांना हात उंचावतो. यांतील प्रत्येक हालचाल यंत्रानें आज्ञा मानली, तर अनर्थ होईल. ग्रीक कथेंतील मिडास राजा ज्याला हात लावी त्याचें सोनें होई, आणि अखेर त्याला अन्नाचा घासहि मिळेना. दृष्टीनें यंत्र चालविण्याच्या बाबतींत रॉबर्ट जेकब या संशोधकानें १९९० सालीं या संकटाला मिडासचा स्पर्श म्हटलें. हातालाहि तें लागू पडतें. हाताचें बोलणें समजणाऱ्या यंत्राला हाताचें मौनहि समजलें पाहिजे.

मायक्रोसॉफ्टच्या २०१६ सालच्या होलोलेन्समध्यें यावर एक तोड होती. पांचहि बोटांचीं टोकें एकत्र करून, कळी उमलावी तसा हात उघडला कीं मुख्य यादी समोर येई. सहज हालचालींत अशी खूण होण्याचा संभव थोडा. पण ती शिकविल्यावांचून कोणाला सुचणारी नव्हती, आणि तिच्यासाठीं हात कॅमेऱ्यासमोर उंच धरावा लागे. हात अधांतरीं धरून ठेवला कीं खांदा भरून येतो. या त्रासाला इंग्रजींत ‘गोरिला आर्म’ असें नांवच पडलें आहे.

या सर्व खटाटोपांतून टिकून राहिली ती साधी चिमटी. मीठ उचलतों त्याप्रमाणें अंगठा आणि तर्जनी एकमेकांस टेकवावयाचीं. हवेंतील बटण बोटाला लागत नाहीं, पण स्वतःचें बोट स्वतःच्या अंगठ्याला लागतें. त्यामुळें आज्ञा केव्हां दिली हें देणाऱ्याला नक्की कळतें. २ फेब्रुवारी २०२४ रोजीं अमेरिकेंत विक्रीस आलेल्या व्हिजन प्रोमध्यें ॲपलनें या चिमटीला नजरेची जोड दिली. डोळ्यानें वस्तु निवडावयाची, चिमटीनें होकार द्यावयाचा. खालीं पाहणारेहि कॅमेरे असल्यामुळें हात मांडीवर ठेवून चालतें. खांदा सुटला, परंतु ओझें डोळ्यावर आलें. नजर मनाच्या ओढीनें भटकणारी. तिनें काय न्याहाळलें याचा हिशेब आजवर कोणी मागत नव्हता. चिमटी घेईपर्यंत नजर कोठें होती हें ॲपना कळूं द्यावयाचें नाहीं, असा बंदोबस्त त्या कंपनीनें ठेविला आहे, आणि तो योग्यच आहे.

आतां शेवटची गोष्ट. यंत्र हात ओळखतें म्हणजे कोणाचा हात? वार्धक्यानें कांपणारा, संधिवातानें आंखडलेला, गिरणींत दोन बोटें गमावलेला, हे सारे हातच आहेत. ज्याला चिमटी साधत नाहीं त्याच्याकरितां व्हिजन प्रोमध्यें डोक्याच्या किंवा मनगटाच्या हालचालीनें वस्तु दाखविण्याची आणि नजर क्षणभर स्थिर ठेवून ती निवडण्याची सोय आहे. ही सोय प्रत्येक यंत्रांत आरंभापासूनच असावयास हवी. उद्यां शाळा आणि कचेऱ्या या यंत्रांतून चालूं लागल्या, तर ज्याचा हात ओळखला जात नाहीं त्याला तें दार बंद होईल.

तेव्हां असलें यंत्र पारखतांना तें किती खुणा ओळखतें हें विचारण्याआधीं दोन प्रश्न विचारावे. हात स्वस्थ असतां तें स्वस्थ राहतें काय? आणि निराळा हात पुढें आला तर त्याला तें ओळखतें काय? पहिल्याचें उत्तर दुकानांत तें यंत्र चढवून पांच मिनिटें नाक खाजवलें तरी मिळेल. दुसऱ्यासाठीं मात्र घरांतील एखाद्या वृद्ध माणसाला बरोबर न्यावें.