राष्ट्राची सत्ता आणि माणसाचा हक्क
(धम्मबांधवांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दीक्षा घेतलेल्या कुटुंबापुढे घरचे, शाळेचे व कचेरीचे प्रश्न रोज उभे असताना युरोपातील न्यायालयाची हकीकत कशासाठी, असे आपणांस वाटेल. परंतु जो प्रश्न तेथे विचारला गेला, तो आपलाच आहे. माणसावर अन्याय करणारे त्याचे स्वतःचेच राज्य असेल, तर त्याने दाद कोठे मागावी?

जर्मनीत 1935 साली यहुद्यांचे नागरिकत्व हिरावले गेले, ते कायदा करूनच. आपला देश सार्वभौम आहे, इतरांनी बोलू नये, असे म्हणण्याचा परिणाम काय होतो हे महायुद्धाने दाखविले. म्हणून 1950 साली रोम येथे मानवी हक्कांचा युरोपीय करार झाला व 1953 साली तो अंमलात आला. त्याचे न्यायालय स्ट्रासबुर्ग येथे आहे. आज 46 राष्ट्रे त्याला बांधलेली आहेत. युरोपीय संघ व त्याचे लक्झेंबुर्गचे न्यायालय ही वेगळी व्यवस्था होय. ब्रिटनने 2020 साली संघ सोडला, तरी या करारातून ते बाहेर पडले नाही. एकट्या माणसाने आपल्या राज्याला प्रतिवादी करावे, ही या कराराची थोर गोष्ट आहे.

धर्म सांगण्याचा हक्क

ग्रीस देशातील क्रीट बेटावर मिनोस कोक्किनाकिस नावाचे गृहस्थ होते. बहुसंख्यांचा ऑर्थोडॉक्स पंथ सोडून 1936 साली ते यहोवाचे साक्षीदार झाले. दुसऱ्याला आपल्या धर्मात ओढणे हा तेथे 1938 च्या हुकूमशाही कायद्याने गुन्हा ठरला होता. या गृहस्थांना साठाहून अधिक वेळा अटक झाली. 1986 साली ते पत्नीसह एका बाईंच्या घरी धर्मचर्चेस गेले. त्या बाईंचे पती चर्चमध्ये स्तोत्रे गात असत. त्यांनी पोलिसांना कळविले व पुन्हा शिक्षा झाली. अखेर 1993 साली स्ट्रासबुर्गच्या न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी निकाल दिला, की ग्रीसने त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा भंग केला. धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य करारात स्पष्ट लिहिलेले आहे. आणि आपला विचार शेजाऱ्याला पटवून देण्याची मुभा नसेल, तर ते स्वातंत्र्य कागदावरच राहील, असे न्यायालयाचे म्हणणे होते. मात्र तो कायदाच रद्द करावा असे न्यायालयाने म्हटले नाही, हेही ध्यानात ठेवावे.

शाळेतील भिंत

दुसरी हकीकत ऐकताना आपणांस आपल्या वाडवडिलांची शाळेबाहेरची जागा आठवेल. चेक देशातील ओस्त्रावा शहरात रोमा जमातीची मुले मतिमंदांच्या खास शाळांत घातली जात. अठरा मुलांनी दावा लावला. त्यांनी मांडलेल्या आकड्यांनुसार शहराच्या प्राथमिक शाळांतील एकूण मुलांत रोमा मुले शेकडा अडीचहूनही कमी होती, पण खास शाळांत ती निम्म्याहून अधिक होती. सरकार म्हणाले, आम्ही जात पाहिली नाही, बुद्धीची चाचणी घेतली. शिवाय आईबापांनी संमतीची सही केली आहे.

देशातील न्यायालयात मुले हरली. स्ट्रासबुर्ग येथेही 2006 साली प्रथम हरली. मग मोठ्या पीठापुढे 2007 साली 13 विरुद्ध 4 मतांनी जिंकली. न्यायालयाने म्हटले, की नियम दिसायला सर्वांना सारखा असला, तरी त्याचा भार एकाच जमातीवर पडत असेल तर तो भेदभाव होय. आणि भेदभाव सोसण्यास आईबापांनी दिलेली संमती ग्राह्य नाही. बंधूंनो, समता नियमाच्या शब्दांत नव्हे, परिणामांत शोधावी, हे तत्त्व या गरीब मुलांनी युरोपकडून कबूल करून घेतले.

सार्वभौमत्वाचा आक्षेप

परक्या न्यायाधीशांनी आमच्या देशात का बोलावे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात सर्वस्वी तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाचा शब्द मोलाचा आहे. परंतु हे बंधन राष्ट्रांनी स्वतःच्या सहीने घेतले आहे व ते सोडताही येते. ग्रीसच्या लष्करी राजवटीने 1969 साली करार सोडला. लोकशाही परतल्यावर 1974 साली ग्रीस पुन्हा त्यात आला. कोणाला हे बंधन जाचले, ते यावरून आपणच ठरवा. शिवाय आपण गावकीची सत्ता भोगलेली माणसे आहोत. गावाने आपल्या कारभारात बाहेरच्याने पडू नये असे म्हटले, तेव्हा पाणवठा कोणाला बंद राहिला हे आपणांस सांगावयास नको.

तथापि निकाल म्हणजे मुक्ती नव्हे. न्यायालयाजवळ फौज नाही; अंमल राष्ट्रांनीच करावयाचा असतो. ओस्त्रावाच्या निकालानंतरही रोमा मुलांना वेगळे बसविणे अनेक वर्षे चालूच राहिले. कायद्यामागे समाजाची सदसद्विवेकबुद्धी उभी नसेल तर कायदा दुबळा ठरतो, हे बाबासाहेबांनी आपणांस वारंवार बजावले होते.

आपले कर्तव्य

आशिया खंडासाठी असे न्यायालय नाही. बाबासाहेबांनी 1946 साली अमेरिकेतील निग्रोंचे पुढारी डू बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागण्याविषयी विचारणा केली होती. परंतु देशाबाहेर दाद मागण्याची वाट आजही आपल्याला जवळजवळ बंदच आहे. म्हणून संविधानाचे 32 वे कलम हाच आपला आधार. त्यालाच बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटले. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आपणांस 25 व्या कलमाने दिले आहे. पण ओडिशाने 1967 साली व मध्य प्रदेशाने 1968 साली धर्मांतरावर केलेले कायदे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली वैध ठरविले, हेही विसरू नये. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या त्या 1990 साली, म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षांनी, आणि त्याही मागितल्यावर.

तेव्हा आपल्या दीक्षेचा व जातीचा दाखला जपून ठेवा. शाळेत मुलाला कोठे बसविले जाते ते स्वतः जाऊन पाहा. वाचल्यावाचून, समजल्यावाचून कशावरही सही अथवा अंगठा देऊ नका. अन्याय झाला तर तारीख घालून लिहून ठेवा. ओस्त्रावाची मुले लेखी पुराव्यावर जिंकली. हक्क मागणाऱ्याजवळ कागद असावा, आणि कागद धरणारा हात ताठ असावा.

जय भीम!