मेमरी संपली तेव्हा



मी कवितेचा माणूस, मराठी घेऊन बी.ए. झालेला. संगणकाबद्दल मी काय बोलणार, असे वाटेल तुम्हाला. पण ज्याला ठेच लागली, त्यानेच दगड कुठे आहे ते सांगावे.

माझ्या जुन्या संगणकावर लिनक्स आहे, त्यातले डेबियन. रॅम अवघी एक जीबी. त्यात माझ्या कविता आणि अम्मी हयात असताना तिच्या तोंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या. दुसरी प्रत कुठेच नव्हती. जून २०२३ मध्ये डेबियनची बारावी आवृत्ती आली. नाव ‘बुकवर्म’. ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या पात्रांची नावे या आवृत्त्यांना देतात. पुस्तकी किडा म्हटल्यावर मला ती घरचीच वाटली. अकरावीतून बारावीत जाऊ म्हटले आणि अपग्रेड सुरू केले.

निम्म्यावर संगणक अडखळू लागला आणि पडद्यावर एकच शब्द उमटला : ‘किल्ड’. माझ्या छातीत धस्स झाले. ओव्या गेल्या! हात बटणाकडे गेला, पण आधी पुण्याला मुलीला फोन लावला.

ती म्हणाली, “अब्बा, बटण दाबू नका. ओव्या जागेवर आहेत. आधी त्या पेन ड्राइव्हवर घ्या.”

मग तिने समजावले. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, डिस्क म्हणजे फडताळ. ओटा भरला म्हणून फडताळातले डबे सांडत नाहीत. ओट्यावर तसूभर जागा उरली नाही, की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, बहुधा जास्त मेमरी खाणारे एखादे काम मारून टाकतो आणि नोंदवहीत ‘आउट ऑफ मेमरी’ असे लिहून ठेवतो. मी ब्राउझरवर गाणी लावून बसलो होतो. बळी मात्र अपग्रेडचा गेला.

ब्राउझर बंद केला. ‘फ्री’ ही आज्ञा दिली. तिच्यात ‘फ्री’ रकान्यातला आकडा छोटा दिसला तरी घाबरू नये. रिकामी रॅम लिनक्स फायली हाताशी ठेवायला वापरते आणि गरज पडली की मोकळी करते. पाहायचा तो ‘अव्हेलेबल’ हा रकाना. माझ्याकडे स्वॅप, म्हणजे ओटा भरल्यावर सामान ठेवायला डिस्कवर राखलेली जागा, नव्हतीच. मुलीने फोनवर एकेक अक्षर सांगत दोन जीबीची स्वॅप फाइल करवून घेतली. मग अर्धवट राहिलेली पॅकेजेस पुरी करणारी ‘डीपीकेजी कॉन्फिगर’ची आज्ञा दिली आणि पुन्हा अपग्रेड. संगणक गोगलगायीसारखा चालला, पण पोहोचला.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ‘नो स्पेस लेफ्ट’ असा संदेश आला, तर दुखणे डिस्कचे आहे, रॅमचे नव्हे. पुष्कळदा ‘बूट’चा कप्पा जुन्या कर्नलांनी भरलेला असतो, न लागणारे काढावेत, चालू असलेला ठेवावा. आणि मेमरी पुरेशी असूनही दर वेळी वेगळ्याच ठिकाणी गाडी अडत असेल, तर रॅमची पट्टीच बिघडलेली असू शकते. ‘मेमटेस्ट’ हा तपासणी कार्यक्रम रात्रभर चालवून पाहावा.

पण हे सारे नंतरचे. अपग्रेडच्या आधी प्रत काढा. रॅम वीज गेली की सगळे विसरते आणि डिस्कही कायमची नसते. अम्मीच्या ओव्यांच्या आता दोन प्रती आहेत, एक पेन ड्राइव्हवर, एक मुलीकडे. तिसरी मी कागदावर उतरवून धाकट्या बहिणीला दिली आहे. ती पाठ करते आहे.