फोर-बाय-फोर होती, मच्छरदाणी नव्हती

हेडफोन लावून बसमध्ये असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल. मागच्या एपिसोडनंतर तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: कॅम्परव्हॅन घेऊन जंगलाकडे, विजेच्या आणि नेटवर्कच्या बाहेर राहायला जायचं तर काय काय लागतं? यादी सांगतो. पण आमच्या यादीत एक गोष्ट राहिली होती, आणि तिच्यामुळे माझा मित्र हॉस्पिटलमध्ये पोचला. आज ती गोष्ट.

आधी गाडी. जुनी फोर-बाय-फोर पिकअप, मागे कॅम्पर बसवलेला. तुम्हीही असं काही करणार असाल तर एक लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला आरटीओची मंजुरी लागते. नाहीतर अपघात झाला की इन्शुरन्सवाले हात वर करायला मोकळे. छतावर 200 वॉटचं सोलर पॅनल, आत 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. हिशोब सोपा आहे. बॅटरीत साधारण 1200 वॉट-अवर वीज मावते. छोटा फ्रिज दिवसाला 500 खातो, पंखा 200. म्हणजे ऊन नसेल तर दीड-पावणेदोन दिवस. आणि सप्टेंबरच्या शेवटी, ढगाळ हवेत, सागाखाली गाडी लावली तर पॅनल नावालाच असतं. हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं.

आम्ही दोघं. रस्ता चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली आणि तिथून भामरागडकडे. चंद्रपूर सोडताना महाऔष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. 2920 मेगावॉटचं केंद्र! निम्म्या महाराष्ट्रातले एसी तिथल्या कोळशावर चालत असतील असं वाटतं. त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही अशा रस्त्यावर होतो जिथे पाऊस आला की दोन-दोन दिवस लाइट नसते. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. 1982 पर्यंत हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. जवळच चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि पुढे प्राणहिता होऊन सिरोंच्याला गोदावरीला मिळतात. नदी-नाल्यांचा जिल्हा आहे हा. हे नकाशात बघितलं होतं, पण नकाशात पाणी हलत नाही.

आलापल्लीच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आम्ही आत एका गावाकडे वळलो. वाटेत नाला. पलीकडे रस्ता दिसतोय, पाणी गढूळ, फार रुंदही नाही. मित्र म्हणाला, "अरे, फोर-लो टाक ना. याच्यासाठीच तर घेतलीय गाडी."

खरं सांगतो, माझाही हात गिअरवर गेला होता. तेवढ्यात सायकल हातात धरून एक मामा बाजूला उभे दिसले. काच खाली केली.

"मामा, पाणी किती असेल?"

"काल गुडघाभर होतं. आज वर पाऊस पडून राह्यला."

"आमची गाडी फोर-बाय-फोर आहे."

मामांनी गाडीकडे एकदा बघितलं. म्हणाले, "असू द्या ना जी. मी बी थांबलो, तुम्ही बी थांबा."

थांबलो. तासाभरात त्या पाण्यातून एक अख्खं लाकूड वाहत गेलं. आमच्या बॉनेटएवढं जाड.

आता यातलं गणित ऐका. फोर-लो काय करतं? चाकांना जोर देतं. पण तो जोर कामाला यायला टायर जमिनीला चिकटलेला पाहिजे. वाहत्या पाण्यात गाडी उचलली जाते. एक फूट वाहतं पाणी छोटी कार तरंगवू शकतं आणि दोन फूट पाणी बहुतेक एसयूव्हींना ओढून नेऊ शकतं. टायर तरंगला की चारही चाकं फिरली काय आणि एकही नाही फिरलं काय, सारखंच. स्नॉर्कल लावलेला असला तर इंजिन पाणी पिणार नाही, एवढंच. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही पावसाळ्यातली नेहमीची बातमी. तिथली माणसं थांबतात, कारण थांबायचं कसं हे त्यांना माहितीये.

मग प्रश्न आला, रात्री राहायचं कुठे? इथे अजून एक गैरसमज काढतो. रील्समध्ये बघून वाटतं की जंगल दिसलं की गाडी लावायची आणि खुर्च्या टाकायच्या. तसं नाही. 1927 च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे राखीव जंगलात परवानगीशिवाय घुसणं, आग पेटवणं हा गुन्हा आहे. अभयारण्यात 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवाना लागतो. आणि जे जंगल आपल्याला मोकळं वाटतं, ते बऱ्याचदा कुणाचं तरी असतं. याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात सगळ्यात आधी ज्यांना मिळाला त्या गावांपैकी एक. मोह, तेंदू, बांबू, यावर लोकांची घरं चालतात. आपण त्यांच्या शेतात नाही का विचारून जात? तसंच हे.

मामांनीच आम्हाला मागच्या गावात नेलं. तिथल्या जाणत्या लोकांशी माडियात काहीतरी बोलले. उत्तर मिळालं, शाळेच्या अंगणात गाडी लावा. गावात लाइट नव्हती. आमच्या गाडीत दिवा दिसल्यावर पोरं जमली, मग मोठी माणसं मोबाइल घेऊन आली. नेटवर्क नव्हतंच, पण रात्री बॅटरीचा उजेड लागतो ना! आम्ही फ्रिज बंद केला आणि दहा-बारा फोन लावले. आमची सगळी सोय शेवटी त्यासाठी उपयोगी पडली, याचं मला अजून बरं वाटतं.

मित्र मात्र पहिल्या दिवसापासून हॅमॉकमध्ये झोपायचा. कॅम्परच्या खिडक्यांना जाळी होती, पण "आत गुदमरतं, बाहेर काय भारी वाटतं" असं त्याचं. त्या रात्रीही शाळेजवळच्या दोन झाडांना हॅमॉक बांधून तो झोपला.

सकाळी आशाताई आल्या. गावात कुणाला तरी ताप होता, त्याची तपासणी करायला निघाल्या होत्या. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, पट्टीवर टाकायचा, थोड्या वेळात मलेरिया आहे की नाही ते कळतं. हॅमॉक बघून थांबल्या. "दादा, मच्छरदाणी कुठाय?"

आमच्याकडे विंच होतं, रिकव्हरी ट्रॅक होते, वॉटर फिल्टर होता. मच्छरदाणी नव्हती. त्या गावातल्या घराघरात औषध लावलेली मच्छरदाणी होती.

ताई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "घरी गेल्यावर ताप आला तर डॉक्टरला आधी सांगा, गडचिरोलीत होतो म्हणून. विसरू नका."

दुसऱ्या दिवशी नाला उतरला, तरी आम्ही पलीकडे गेलो नाही. येताना हेमलकसा बघितलं. 1973 मध्ये बाबा आमटेंनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले तेव्हा ना वीज होती ना धड रस्ता. त्यांना 2008 मध्ये मॅगसेसे मिळाला. दोन आठवड्यांच्या आपल्या ऑफ-ग्रिडचं तिथे फार कौतुक वाटेनासं होतं.

पुण्याला परतल्यावर नवव्या दिवशी मित्राला थंडी वाजून ताप आला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, प्लेटलेट कमी होत्या. डेंगू असेल, असं म्हणाले. पुण्यात त्या दिवसांत डेंगू होताच, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मलेरियातही प्लेटलेट उतरतात. मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर हा नीट बोलतही नव्हता. तेव्हा ताईंचं वाक्य आठवलं. मी डॉक्टरांना सांगितलं, "आम्ही गडचिरोलीत होतो." त्यांनी लगेच स्मिअर पाठवला. फाल्सिपेरम मलेरिया. हा वेळेत सापडला नाही तर मेंदूपर्यंत जातो, जीव जाऊ शकतो. त्याच संध्याकाळी औषध सुरू झालं. आज तो ठणठणीत आहे आणि हा एपिसोड ऐकून मला शिव्या देणार आहे.

तर यादी घ्या लिहून. औषध लावलेली मच्छरदाणी, हॅमॉकला बसेल अशी. संध्याकाळपासून पूर्ण बाह्या, कारण मलेरियाचा डास रात्री चावतो. जाण्याआधी प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. अंधार पडला की गाडी चालवू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात आणि गावात सांगून राहा. नाला दिसला आणि तळ दिसत नसेल तर इंजिन बंद करून कुणीतरी यायची वाट बघा. आणि परतल्यावर पुढचे महिना-दोन महिने कधीही ताप आला, तर डॉक्टरला पहिलं वाक्य कुठलं सांगायचं ते आता तुम्हाला माहितीये.

सोलर आणि बॅटरीवर सविस्तर पुढच्या वेळी बोलू. कुणी दोस्त गाडी घेऊन तिकडे निघाला असेल तर त्याला हा एपिसोड आधी पाठवा. चला, भेटू.