समुद्राची राखण डोंगरांतून

नाणेघाटाच्या माथ्यावरून पश्चिमेस कोंकण दिसतें व समुद्र जवळच आहे असें वाटतें. परंतु जुन्नरच्या कुकडीचें आणि आंबेगांवच्या घोडचें पाणी तिकडे जात नाहीं. कुकडी घोडला, घोड भीमेला, भीमा कृष्णेला मिळते. आणि कृष्णा बंगालच्या उपसागरांत विलीन होते.

सागराची काळजी मुलांनाही वाटते. पुण्याच्या हाझिक काझी या 12 वर्षांच्या मुलाची एक कल्पना 2019 सालीं वृत्तपत्रांतून गाजली. जहाजाभोंवतीं तरंगणाऱ्या बशांसारख्या यंत्रांनीं समुद्रांतील प्लॅस्टिक ओढून घ्यावें, आणि पाणी व जलचर मात्र समुद्रास परत करावे, अशी ती योजना. जलचरांस इजा होऊं नये, हा तिच्यांतील विचार मोलाचा.

परंतु प्लॅस्टिकचे कालांतरानें इतके बारीक कण होतात कीं ते माशांच्या पोटांत जातात. ते वेंचणें जहाजालाही कठीण. म्हणून समुद्राची राखण जुन्नर-घोडेगांवच्या नदीकांठींच सुरू व्हावयास हवी. माणिकडोह व डिंभें येथील धरणें पाणी अडवितात; पण त्यांच्या खालीं ओढ्यांत पडलेली पिशवी पहिल्या पुरासरशी पुढें निघते. पावसाळ्यापूर्वीं कोरड्या पात्रांतून ती उचलणें मुलांना साधेल. ती तेथें पडूंच न देणें हें वडील माणसांचें काम आहे.