कामगार समिती : वेळ जातो की वाचतो?

बडोद्यात आपली कितीतरी घरे कारखान्यांवर उभी राहिली. आपल्यात साहेबही आहेत, कामगारही. कामगार समिती म्हटले की साहेबांना वाटते, वेळ वाया जाणार.

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगार असतील तिथे समिती नेमायला लावण्याचा अधिकार सरकारला दिला. त्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी नसावेत.

आमच्या सरकारी वर्कशॉपमध्ये एकदा पाळ्या नुसत्या आदेशाने बदलल्या. महिनाभर धुसफूस चालली. पुढच्या वेळी आम्ही समितीत तीन बैठका भांडलो, पण ठरल्यावर काम एक दिवसही अडले नाही. आता साहेब स्वतःच बैठक बोलावतात.

मंडळाची वर्गणीही आपण भांडूनच ठरवतो ना? तेव्हा समिती नुसती सह्यांपुरती ठेवू नका. गणपती बाप्पा मोरया!