थांबण्याचा निरोप



आज पदवी घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून अभिनंदन. तुमच्या परीक्षेच्या दिवसांत घरातला टीव्ही बंद ठेवणाऱ्या आईवडिलांचे आणि आजीआजोबांचे त्याहून थोडे अधिक.

पुण्याच्या शनिवार पेठेत उभे राहून भाषण करणे हे तसे धाडसच. शनिवारवाड्यापासून रमणबागेपर्यंत राहणाऱ्या प्रत्येकाचे प्रत्येक विषयावर मत तयार असते आणि ते ऐकवल्याशिवाय तो घरी जात नाही. म्हणून आयुष्यभर जो विषय शिकवला, त्याच्याच आधाराने काही गोष्टी सांगणार आहे: पेशीच्या आत निरोप कसा पोचतो आणि जनुकातल्या एखाद्या बदलाने त्याचा घोटाळा कसा होतो.

सुरुवात याच परिसरातल्या एका मुलीपासून करू. रमणबागेतली न्यू इंग्लिश स्कूल ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीची, तिच्याच फर्ग्युसन कॉलेजात समर्थ नावाचे प्राध्यापक जीवशास्त्र शिकवत. त्यांची मुलगी कमल ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मली. इथून चालत जाता येईल अशा हुजूरपागा शाळेत शिकली, मग फर्ग्युसनमध्ये. तिने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. तिने दोन्ही केले नाही. लग्न केले जयसिंग रणदिवे या गणितज्ञाशी, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली एम.एस्सी. केले ते सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर. पुढे मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ साली तिने पीएच.डी. मिळवली. या त्या डॉ. कमल रणदिवे. सीताफळापासून कर्करोगापर्यंतचा हा प्रवास वाटतो तितका लांबचा नाही. दोन्हीकडे सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच असते.

डॉ. रणदिवे नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतल्या पेशी याच प्रयोगशाळेत शरीराबाहेर वाढू लागल्या होत्या. त्या पेशी, ‘हीला’ पेशी, आजही जगभर वाढत आहेत. परत आल्यावर डॉ. रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊती-संवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, देशातली पहिली प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध आहे, हे सुरुवातीच्या काळात ओळखणाऱ्यांत त्या होत्या. या संबंधातले बीआरसीए-१ हे जनुक हाती लागले १९९४ साली. त्याच्या कितीतरी आधी मुंबईतली ही बाई उंदरांच्या पिढ्यामागून पिढ्या तपासत होती.

मग पेशीत नेमके बिघडते काय?

शरीरातली पेशी एकटी निर्णय घेत नाही. ‘वाढ’ असा निरोप बाहेरून एखाद्या रेणूच्या रूपाने येतो आणि पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राही प्रथिनाला चिकटतो. तो रेणू स्वतः आत शिरत नाही. ग्राहीचा आकार बदलतो, आतल्या बाजूला फॉस्फेटचे गट जोडले जातात आणि त्यामुळे ‘रास’ नावाचे छोटे प्रथिन जागे होते. रास पुढच्या प्रथिनाला जागे करते, ते त्याच्या पुढच्याला, आणि असे करत निरोप केंद्रकात पोचतो. तिथे योग्य ती जनुके उघडली जातात आणि पेशी विभागायला लागते.

या साखळीतली खरी हुशारी मात्र तिच्या दुसऱ्या टोकाला आहे. रास जागे असते तेव्हा त्याच्याशी जीटीपी हा रेणू जोडलेला असतो. काम झाले की रास त्या जीटीपीचा एक फॉस्फेट तोडते आणि स्वतःच शांत होते. फॉस्फेट लावणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, जशी आहेत तशी ते काढणारीही आहेत. निरोप मिटवण्यासाठी पेशीने निरोप देण्याइतकीच यंत्रणा राबवलेली असते. गणपतीत या पेठेतून जाणारे ढोल-ताशा पथक आठवा. पन्नास ढोल एकदम सुरू होतात याचे कौतुक सगळे करतात, पण पथकाची तयारी दिसते ती ताशाच्या एका इशाऱ्यावर पन्नासच्या पन्नास ढोल थांबतात तेव्हा.

१९८२ साली अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींमधले रासचे जनुक वाचले. निरोगी जनुकात आणि या जनुकात फरक होता डीएनएच्या एका अक्षराचा. त्या एका अक्षराने १८९ अमिनो आम्लांच्या साखळीत बाराव्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन बसवले. ग्लायसीन सगळ्यांत लहान, व्हॅलीन थोडे मोठे. तेवढ्या अडचणीने रासला जीटीपी नीट तोडता येईना. बाहेरून कोणी काही सांगत नसतानाही आत ‘वाढ, वाढ’ सुरूच राहिले. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. त्यातले एक बदलले आणि थांबण्याची सोय गेली. केवळ एवढ्याने कर्करोग होत नाही. त्यासाठी बहुधा असे अनेक बदल साठावे लागतात. पी-५३ सारखी पहारा करणारी प्रथिनेही निकामी व्हावी लागतात. पण सुरुवात इतकी लहान असू शकते.

उलट प्रकारही घडतो. लारोन सिंड्रोममध्ये वाढीचे संप्रेरक रक्तात भरपूर असते, पण त्याचा ग्राहीच सदोष असल्याने पेशीला ते कळत नाही आणि उंची खुंटते. अकॉन्ड्रोप्लेझियात तर निरोपच ‘वाढू नको’ असा असतो. हाडांची वाढ आवरणारा ग्राही सतत चालू राहतो आणि हातपाय आखूड राहतात. म्हणजे निरोप पोचला नाही तरी नुकसान, आणि संपला नाही तरी नुकसान.

पहिली गोष्ट या अकॉन्ड्रोप्लेझियाबद्दलच सांगते, कारण ती प्रयोगशाळेपेक्षा आपल्या घरांत जास्त लागू आहे. असे मूल जन्मले की आपल्याकडे बोट सुनेकडे जाते. ग्रहण पाळले नसेल, माहेरचे काहीतरी असेल, असे बोलले जाते. वास्तव असे की बहुतेक अशा मुलांचे आईवडील दोघेही सामान्य उंचीचे असतात. बदल नव्यानेच झालेला असतो, आणि तो जवळजवळ नेहमी वडिलांच्या शुक्रपेशीत झालेला असतो. तोही कोणाच्या चुकीमुळे नव्हे, तर अक्षरे उतरवताना आपोआप झालेल्या फरकामुळे. तुम्ही आज विज्ञानाचे पदवीधर आहात. पुढच्या वेळी कोणत्या ओटीवर, कोणत्या बारशाला असे बोलणे ऐकले, तर तिथे गप्प बसू नका. पदवीचा पहिला उपयोग तोच.

दुसरी गोष्ट औषधाची. १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ साली जॅनेट राउली यांनी दाखवले की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली आहे. त्या जोडातून एक नवे विकर तयार होते. ते सतत फॉस्फेट लावत सुटते, त्याला थांबणे माहीत नाही. त्याच विकराच्या खाचेत नेमके बसणारे औषध, इमॅटिनिब, २००१ साली अमेरिकेत मान्य झाले. जो आजार काही वर्षांत माणसाला नेत असे, तो रोज गोळी घेऊन ताब्यात ठेवता येऊ लागला. भारतात मूळ कंपनीचे औषध महिन्याला लाखाच्या वर जाई. इथल्या कंपन्या तेच औषध त्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी किमतीत देत. पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने मूळ कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली. तुमच्यातले काही औषधनिर्माणात जातील, काही कायद्याकडे, काही व्यवस्थापनाकडे. रेणू शोधणे हे अर्धे काम. तो रुग्णाच्या घरखर्चात बसणे हे उरलेले अर्धे, आणि त्यालाही तितकीच बुद्धी लागते.

तिसरी गोष्ट धीराची. बिघडलेले रास १९८२ साली ओळखले गेले. त्याच्या एका प्रकारावर नेमके बसणारे पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले २०२१ साली. मधल्या ३९ वर्षांतला बराच काळ या प्रथिनावर औषध बनणारच नाही, असे मोठमोठे लोक म्हणत होते. ज्यांनी ते ऐकले नाही, त्यांच्या नावांचे फलक कुठल्या चौकात लागत नाहीत.

चौथी गोष्ट मी कळकळीने सांगते, कारण ती माझ्याच जमातीची आहे. १९६६ साली स्टॅनली गार्टलर यांनी एका परिषदेत दाखवून दिले की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या मानवी पेशींचे १८ वाण प्रत्यक्षात हीला पेशीच होते. त्या पेशी इतक्या जोमाने वाढतात की शेजारच्या बाटलीत एखादी जरी गेली तरी मूळ पेशींना हुसकावून लावतात. लोकांनी वर्षानुवर्षे केलेले काम चुकीच्या पेशींवर झाले होते. त्याहून वाईट म्हणजे सांगितल्यानंतरही अनेकांनी ते थांबवले नाही. आपल्या पुण्यातच, गणेशखिंडीत, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. देशभरातल्या प्रयोगशाळांना ओळख पटवलेल्या पेशी पुरवणे हे त्याचे एक काम आहे. ज्यांना संशोधनात जायचे आहे त्यांनी पहिल्या दिवशी बाटलीवरचे लेबल न वाचता आतली पेशी तपासावी. आणि निकाल आपल्या मताविरुद्ध आला, तर आपले मत सोडावे. पेठेत राहणाऱ्यांना हे जरा जड जाईल, पण जमवावे.

आणि पाचवी, सगळ्यांत साधी. खानोलकरांनी आपल्या लोकांमधल्या तोंडाच्या कर्करोगाचा आणि तंबाखूच्या सवयीचा अभ्यास कित्येक दशकांपूर्वी केला. तंबाखूतली रसायने डीएनएला चिकटतात आणि तीच अक्षरे बदलतात, ज्यांच्याबद्दल आपण आत्ता बोललो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे सभागृहाबाहेरच्या कोपऱ्यावर जाऊन पाहा. जनुकातले काही बदल नशिबाने होतात, काही आपण पुडीतून विकत घेतो. घरात मिश्री लावणारी आजी असेल, मळणारा काका असेल, तर आज घरी गेल्यावर पेढ्यासोबत हे एक बोलणेही करा.

डॉ. कमल रणदिवे यांना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभारायला पुढाकार घेतला होता. निवृत्तीनंतर त्या ग्रामीण भागात बायकांना आरोग्याचे आणि पोषणाचे शिक्षण देत राहिल्या. पेशीची भाषा शिकलेली ही बाई शेवटी माणसांशी बोलायला गेली, आणि मला त्यांचे हे काम प्रयोगशाळेतल्या कामाहून कमी वाटत नाही.

तुमच्याकडे आज जे ज्ञान आहे ते कोणीतरी तपासून, चुका काढून तुमच्यापर्यंत पोचवले आहे. ते तसेच तपासून पुढे द्या. जे खोटे ठरेल ते तुमच्यापाशीच थांबवा. एवढे केलेत तर या पदवीचे देणे फिटले, असे मी समजेन.