जुन्या कपड्यांचा प्रश्न
(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेवर महागाई, बेरोजगारी, संघटनबांधणी असे विषय असताना त्यांच्या शेजारी 'जुन्या व बेमापी कपड्यांपासून घरच्या घरी नवे कपडे' हा विषय पाहून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. एका ज्येष्ठ साथींनी तर मला सरळच विचारले, "पक्षाने शिवणाचे वर्ग कशासाठी चालवायचे? बाईला चुलीपुढून उठवून मशीनपुढे बसवायचे, एवढीच का आपली प्रगती?" प्रश्न रास्त आहे, आणि तो मनात असूनही न विचारण्यापेक्षा उघड विचारला हे बरे झाले. आज मी जे बोलणार आहे ते या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच.

आपल्या घरांत कापड वाया जाऊ न देण्याची एक पूर्ण विद्या होती. ती कोणी ग्रंथात लिहिली नाही, कारण ती बायकांची विद्या होती. लुगडे मधोमध विरले की तेवढा भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन धड तुकडे शिवणीने जोडून पुन्हा नेसायचे. याला दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडेही नेसवेनासे झाले की त्याच्या मऊ भागाची बाळाची दुपटी आणि झबली होत, उरलेले गोधडीत जाई आणि अगदी शेवटच्या चिंधीचे पोतेरे होई. शर्टाची कॉलर घासून फाटली की गिरणगावातला शिंपी ती उसवून, उलटी करून पुन्हा बसवून देई आणि तो शर्ट आणखी वर्षभर कामावर जाई. ज्या कामगाराने पाळीभर मागावर उभे राहून शेकडो वार कापड काढले, त्याच्याच घरी हे चाले. हा विरोधाभास आपण विसरता कामा नये. १८ जानेवारी १९८२ रोजी संपावर गेलेल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांच्या घरांतून पुढे जी ओढगस्त झाली, तीत किती संसार या ठिगळांनी तगवले, याचा हिशेब कोणत्याही इतिहासात सापडणार नाही.

पण म्हणून मी या विद्येची आरती ओवाळायला उभी नाही. जुना कपडा हा आपल्या समाजात निष्पाप नाही. मनुस्मृतीचा दहावा अध्याय सेवा करणाऱ्या शूद्राला काय द्यावे हे सांगतो. उष्टे अन्न, टाकाऊ धान्य आणि जीर्ण वस्त्रे, ही ती यादी. चांडाळांनी तर प्रेताच्या अंगावरची वस्त्रे वापरावीत, असे त्यात बजावले आहे. म्हणजे कोणी नवे ल्यावे आणि कोणी उतरलेले, हा आपल्याकडे केवळ ऐपतीचा प्रश्न नव्हता. तो धर्माज्ञेने घालून दिलेला दर्जा होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना जे सांगितले त्यात वस्त्राचा विषय मुद्दाम होता. जातीची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची रीत आणि तसलेच दागिने टाकून द्या, सवर्ण स्त्रिया नेसतात तसे लुगडे नेसा, हा तो उपदेश. मनुस्मृती जाळणे आणि लुगड्याची रीत बदलणे ही दोन वेगळी कामे नव्हती, हे त्या स्त्रियांना आपल्यापेक्षा लवकर कळले असावे.

तेव्हा पहिली गोष्ट स्पष्ट करतो आहोत ती ही, की उतरण आणि जुनेर यांत भेद आहे. मालकिणीने दिवाळीला मोलकरणीच्या हातात दिलेले आणि नाकारता न येणारे जुने पातळ ही उतरण. ती बक्षिसाच्या नावाने देतात आणि पुष्कळदा पगारवाढीच्या ऐवजी देतात. आपल्याच कपड्याला आपल्या हाताने दुसरा जन्म देणे, किंवा पैसे मोजून घेतलेल्या जुन्या कपड्यातून आपल्या मापाचे वस्त्र करणे, हे जुनेराचे काम. पहिल्यात देणाऱ्याचा हात वर असतो. दुसऱ्यात करणाऱ्याचे कसब वर असते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले होते. संकटात सर्वस्व गमावलेल्या कोळ्यांनीही ते उचलले नाहीत. आपल्याकडच्या पुरांनंतर मदतकार्याला गेलेल्या कार्यकर्त्यांनाही हा अनुभव नवा नाही. त्यांना कपडे नको होते असे नाही. त्यांना आपली उतरण नको होती.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कारण विचार कितीही शुद्ध असला, तरी मुंढा चुकला की बाही बसत नाही.

पुरुषाचा शर्ट घ्या. तो कॉलर, कफ आणि कोपर या तीन जागी झिजतो. पाठ आणि पुढचे दोन्ही भाग बहुधा धड असतात. तो कात्रीने फाडू नका. आधी शिवणी उसवा, धुवा, इस्त्री करा आणि उजेडासमोर धरून कुठे विरला आहे ते पाहा. मग पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकचे माप त्यावर मांडा. शर्टाची बटणपट्टी फ्रॉकच्या पाठीवर आणली, तर काजे आणि बटणे नव्याने करावी लागत नाहीत. कापडाचा उभा धागा उंचीत राहील एवढे पाहा, नाहीतर पहिल्याच धुण्यात फ्रॉक तिरका होईल. गळ्याला लावायची पट्टी मात्र उरेब कापा, म्हणजे ती वळणावर चुण्या न पडता बसेल. सैल कुडता लहान करताना पुष्कळजणी नुसत्या बाजूच्या शिवणी आत घेतात आणि कपडा तरीही अंगावर लोंबतो. सुरुवात खांद्यापासून करावी. खांदा जागेवर आला की निम्मे काम झाले. कपडा तंग असेल तर बगलेखाली दोन्ही बाजूंना त्याच जातीच्या कापडाची कळी घालावी. आणि एक सावधगिरी सांगते. लहान मुलांचे कपडे व दुपटी सुती जुनेराचीच करा. कृत्रिम धाग्याचे कापड घाम टिपत नाही आणि चुलीजवळ पेटले तर वितळून कातडीला चिकटते.

या कामात एक शब्द पदोपदी येतो. तो म्हणजे माया. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखून ठेवतात, त्याला आपले शिंपी माया म्हणतात. मूल वाढेल, बाळंतपणानंतर अंग भरेल, हे गृहीत धरून शिवणारा इंच-दीड इंच माया सोडतो. आता बाजारातला तयार कपडा उलटा करून पाहा. कडेला ओव्हरलॉकचे टाके घातलेले असतात आणि आत जेमतेम पाव-अर्धा इंच कापड. लाखो नग कापताना नगामागे थोडेसे कापड वाचले तरी कारखानदाराचा नफा वाढतो, म्हणून त्याने पहिली कात्री मायेवर चालवली. परिणाम असा, की तो कपडा वाढवता येत नाही. बेमापी झाला की टाकायचा आणि दुसरा घ्यायचा. स्मॉल, मीडियम, लार्ज ही मापेही आपल्या अंगावरून घेतलेली नव्हेत. ती बव्हंशी परदेशी मापांवर बेतलेली आहेत. भारतीयांच्या शरीरांची मापे घेण्याची देशव्यापी पाहणी सरकारने हाती घेतली ती या शतकात, तीही अलीकडे. शरीर कपड्याच्या मापाचे नसेल तर दोष शरीराचा, अशी समजूत आपल्या मुलींच्या मनात या व्यवस्थेने रुजवली आहे. कात्री आणि सुई हातात आली की ही समजूत आपोआप गळून पडते, हा अनुभव आहे.

एवढा स्वस्त कपडा येतो कुठून? २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसे मेली. त्यांतले बहुसंख्य शिवणकामगार होते, आणि त्यांतही स्त्रिया अधिक. आदल्या दिवशीच भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने त्या दिवशी बंद राहिली. शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले, कारण परदेशी मागणीचा माल वेळेवर जायचा होता. स्वस्त कपड्याची उरलेली किंमत ही अशी कोणीतरी भरत असते. आज जगात निघणाऱ्या धाग्यापैकी निम्म्याहून अधिक पॉलिएस्टरचा, म्हणजे खनिज तेलाचा आहे. यवतमाळच्या कापूस उत्पादकाला भाव का मिळत नाही, या प्रश्नाचा एक धागा इथेही येऊन मिळतो.

आणि टाकलेला कपडा जातो कुठे? आपल्या दारात बोहारीण येते आणि जुने कपडे घेऊन भांडे देते. या स्त्रिया ते कपडे निवडतात, धुतात, दुरुस्त करतात आणि बाजारात विकतात. त्या नसत्या तर शहरांच्या कचऱ्याचे डोंगर आणखी उंच झाले असते. तरीही आपण त्यांच्याशी घासाघीस करतो ती जणू उपकार करीत आहोत अशा थाटात. पानिपतमध्ये जुने लोकरी कपडे रंगवार निवडून, बटणे आणि चेनी काढून, पिंजून त्यांचा पुन्हा धागा काढतात व त्याची घोंगडी विणतात. श्रीमंत देशांचे जुने कपडे घानाची राजधानी आक्रा येथील कांतामांतो बाजारात गाठोड्यांनी उतरतात. तिथे या कपड्यांना जे नाव पडले त्याचा अर्थ 'मेलेल्या गोऱ्याचे कपडे' असा आहे. तिथले शिंपी त्यांतून नवे कपडे घडवतात, पण जे घडवण्यालायकच नसते ते तिथल्या गटारांत आणि समुद्रात जाते. पूर्व आफ्रिकेतील देशांनी आपला वस्त्रोद्योग वाचवण्यासाठी ही आयात टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे २०१६ साली ठरवले, तेव्हा अमेरिकेने व्यापारी सवलती काढून घेण्याची धमकी दिली. रुआंडा मागे हटला नाही. २०१८ साली त्याच्या कपड्यांची करमुक्त सवलत अमेरिकेने स्थगित केली. मनुस्मृतीतली जीर्ण वस्त्रांची आज्ञा आता जागतिक व्यापाराच्या भाषेत दिली जाते, एवढाच फरक.

आता ज्येष्ठ साथींच्या प्रश्नाकडे येते. यंत्राला विरोध करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली एका यंत्राचा अपवाद केला होता. ते शिवणयंत्र होते. पण मग ही यंत्रे बनवायला कारखाने लागतील, असे त्यांना विचारले गेले. त्यावर, असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे वा सरकारच्या ताब्यात असावेत इतपत आपण समाजवादी आहोत, असे त्यांनी सांगितले. मुद्दा शिवणयंत्राचा कधीच नव्हता. त्या यंत्राचा मालक कोण आणि त्याच्यावर झालेल्या कामाचे मोल कोण ठरवतो, हा मुद्दा होता.

म्हणून आपला शिवणवर्ग काही अटींवरच पक्षाचा वर्ग ठरेल. पहिली अट, तो केवळ बायकांचा असणार नाही. ज्याला शर्ट घालता येतो त्याला त्याचे बटण लावता आले पाहिजे. पुरुष कार्यकर्ते या वर्गात बसणार नसतील, तर ज्येष्ठ साथींचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल आणि मी स्वतः तो वर्ग बंद करायला सांगेन. दुसरी अट, घरच्या काटकसरीचे कौतुक करून मजुरीचा प्रश्न झाकायचा नाही. ठिगळ हे कपड्याला लावायचे असते, पगाराला नव्हे. तिसरी अट, या वर्गात शिकून जी बाई घरबसल्या नगावर काम घेईल, तिच्या दराचा प्रश्न पक्ष हाती घेईल. घरखेप कामगारांना इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळावी, असा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा करार क्रमांक १७७ हा १९९६ सालचा आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. वर्गातल्या प्रत्येकीला उरेब पट्टी जशी आली पाहिजे, तसा हा आकडाही पाठ असला पाहिजे.

१९७२ साली मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्यासह हजारो स्त्रिया महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांच्या हातात लाटणी होती. लाटणे स्वयंपाकघरातलेच होते. ते घराबाहेर कशासाठी आले, याने त्याचा अर्थ बदलला. सुई आणि कात्री यांचेही तसेच होऊ शकते. पुढच्या महिन्यापासून दर रविवारी दुपारी कार्यालयात दोन यंत्रे मांडलेली असतील. येताना प्रत्येकाने न बसणारा एक कपडा आणावा, आणि शेजारच्या घरखेप काम करणाऱ्या बाईला तिचा नगामागचा दर विचारून तो कागदावर लिहून आणावा. कपडा दुरुस्त होईल त्याच दिवशी. दराचे काम लांबेल, पण त्याचा पहिला टाका तिथेच पडेल.